गळ्यातील करंडक
(संत फ्रान्सिस झेवियर यांचे जीवन आणि त्यांचे अवशेष)

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल जुन्या गोव्यास गेली होती. बॉम जेझुसच्या मंदिरात, संगमरवरी चौथऱ्याच्या अगदी माथ्यावर, चांदीचा एक भव्य करंडक ठेवलेला आहे आणि त्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह आहे, एवढे मी मुलांस सांगितले. शिवाय, ज्ञान पूर्ण असावे या शिक्षकी हौसेने, या देहाचा उजवा हात मात्र येथे नाही, तो रोम शहरी आहे, हेही सांगितले. परतीच्या वाटेवर सातवीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले की, ज्या माणसावर लोकांचे इतके प्रेम, त्याचा हात तोडून दुसरीकडे नेण्यास लोकांचे मन कसे धजले? प्रश्न सरळ होता. मला मात्र सरळ उत्तर सुचले नाही. आमच्या खानदेशातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अवशेषांची उपासना नाही, म्हणून तो विषय मी टाळूही शकलो असतो. परंतु मुलाने मनापासून विचारलेला प्रश्न टाळणे शिक्षकास शोभत नाही. त्या प्रश्नाचे देणे या लेखाने फेडण्याचा माझा यत्न आहे.

अवशेष म्हणजे थोर व्यक्तीच्या देहाचा, वस्त्राचा किंवा वापरातील वस्तूचा जपून ठेवलेला अंश. ही कल्पना आपणांस परकी नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगराहून दर वर्षी मुक्ताबाईंची पालखी पंढरीस निघते आणि पालखीत पादुका असतात. वसईजवळच्या सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सन १८८२ मध्ये एक जुना स्तूप उकरला, तेव्हा पाषाणाच्या पेटीत तांब्याचा करंडक निघाला. त्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या डबीत काय असावे? मातीच्या भांड्याच्या तेरा लहान खापऱ्या! भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कोणी तरी त्या इतक्या वेष्टनांत जपल्या होत्या. सोन्याच्या पोटी खापर ठेवणारे ते हात वेडे होते असे मला वाटत नाही.

युरोपात मध्ययुगी ख्रिस्ती लोकांनी हीच गोष्ट क्रुसाच्या आकारात केली. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन यांची आई हेलेना हिला यरुशलेम येथे प्रभूचा खरा क्रूस सापडला, अशी परंपरा आहे. त्या लाकडाच्या सुतासारख्या बारीक चिरफळ्या देशोदेशीच्या राजांस व मठांस भेट म्हणून जाऊ लागल्या आणि त्या ठेवण्यासाठी सोन्याचे, चांदीचे, रत्नजडित क्रूस घडले. सहाव्या शतकात सम्राट दुसरा जस्टिन याने रोम शहरास दिलेला असा एक क्रूस आजही व्हॅटिकनमध्ये आहे. हे झाले राजेरजवाड्यांचे. सामान्य यात्रेकरू काशाचा पोकळ क्रूस गळ्यात घालीत. त्याचे दोन भाग डबीप्रमाणे बिजागरीने उघडत आणि आत हाडाचा कण, लाकडाचा तुकडा किंवा एखाद्या समाधीवरची चिमूटभर माती असे. यरुशलेमचे ख्रिस्ती राजे खऱ्या क्रुसाचा अवशेष रणांगणातही बरोबर नेत. सन ११८७ च्या जुलै महिन्यात हत्तीनच्या लढाईत सलादीनने त्यांचा पराभव केला, तेव्हा तो क्रूसही शत्रूच्या हाती गेला.

जेथे श्रद्धा तेथे बाजारही भरतो. अवशेषांची विक्री इतकी माजली की, सन १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेस जुने अवशेष करंडकाबाहेर काढून दाखवू नयेत व विकावयास मांडू नयेत, असा नियम करावा लागला. नियमाने बाजार थांबला नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील विटेनबर्ग येथे एकट्या सॅक्सनीच्या अधिपतीजवळ सुमारे एकोणीस हजार अवशेषांचा संग्रह होता. त्याच गावी मार्टिन ल्यूथर यांनी सन १५१७ मध्ये आपले आक्षेप जाहीर केले, ही गोष्ट इतिहासाच्या तासाला तुम्ही शिकला आहात. त्या वेळी स्पेनच्या उत्तर सीमेवरील एका डोंगरी गढीत अकरा वर्षांचा एक मुलगा वाढत होता. तोच आपला चरित्रनायक.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवार या चिमुकल्या राज्यात झेवियर नावाच्या गढीत झाला. वडील हुआन दे हास्सो हे राजाचे मोठे अधिकारी. सन १५१२ मध्ये शेजारच्या कॅस्टिलने नवार गिळंकृत केले. पुढे वडील वारले, भाऊ राज्य परत मिळविण्याच्या लढ्यात उतरले आणि शिक्षा म्हणून विजेत्यांनी गढीचे बुरूज पाडून टाकले. दहा वर्षांच्या मुलाने आपल्या घराचे बुरूज कोसळताना पाहिले. घर हे कायमचे नसते, ही जाणीव त्या वयात झाली असेल तर नवल नाही. कारण पुढे या गृहस्थाने कोठेच घर केले नाही.

सन १५२५ मध्ये ते पॅरिसच्या विद्यापीठात गेले. हुशार, देखणे, धावण्याच्या व उड्यांच्या खेळांत पटाईत आणि मोठ्या हुद्द्याची आकांक्षा बाळगणारे असे ते विद्यार्थी होते. सेंट बार्ब नावाच्या महाविद्यालयात त्यांच्या खोलीत आधी पिएर फाव्र हे मेंढपाळाचे सालस पुत्र आणि पुढे सन १५२९ मध्ये इग्नेशियस लोयोला असे सोबती मिळाले. इग्नेशियस वयाने बरेच वडील, लढाईत पाय मोडल्यामुळे लंगडत चालणारे, आणि ज्या सैन्याविरुद्ध फ्रान्सिस यांचे भाऊ लढले त्याच बाजूचे एके काळचे सैनिक! फ्रान्सिस प्रथम त्यांची थट्टा करीत. पण इग्नेशियस यांनी पिच्छा सोडला नाही. माणसाने सारे जग मिळविले व आपला आत्मा गमावला तर काय लाभ, हा शुभवर्तमानातील प्रश्न ते पुनःपुन्हा त्यांच्यापुढे ठेवीत, असे चरित्रकार सांगतात. अखेर १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवरील लहानशा मंदिरात सात मित्रांनी दारिद्र्याचे व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. यांतूनच जेझुइट संघ उभा राहिला आणि सन १५४० मध्ये पोपने त्यास मान्यता दिली.

लक्षात घ्या, याच दशकांत त्याच पॅरिसमध्ये जॉन कॅल्विन हेही शिकत होते. त्यांनी पुढे सन १५४३ मध्ये अवशेषांच्या उपासनेवर टीकेची झोड उठविणारी पुस्तिका लिहिली. एकाच शहराच्या गल्ल्यांतून दोन तरुण निघाले. एकाने अवशेषांचा बाजार उधळला. दुसरा स्वतःच अवशेष झाला.

हिंदुस्थानात येणे हे फ्रान्सिस यांच्या वाट्यास योगायोगानेच आले. पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडे पाठविण्यास माणसे मागितली. नेमणूक झाली होती बोबादिल्ला नावाच्या सोबत्याची. ते ऐन वेळी आजारी पडले. इग्नेशियस यांनी फ्रान्सिस यांस विचारले आणि एका दिवसात फाटके कपडे शिवून घेऊन हे निघाले. मार्च १५४० मध्ये रोम येथे त्या दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला. नंतर ते कधीही भेटले नाहीत.

७ एप्रिल १५४१ रोजी, म्हणजे बरोबर पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांचे जहाज लिस्बनहून सुटले आणि तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी, गोव्यास पोहोचले. पोपचे प्रतिनिधी म्हणून सन्मानपत्रे त्यांच्याजवळ होती. तरी त्यांनी मुक्काम केला तो रुग्णालयात. सकाळी रोगी, मग तुरुंगातील कैदी, रविवारी गावाबाहेरचे कुष्ठरोगी. दुपारी हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत आणि मुले व गुलाम यांस गोळा करून शिकवीत. घंटा शाळेची असो वा रस्त्यावरची, तिच्या आवाजाने मुले धावत येतील असे शिकविणे किती कठीण आहे, ते माझ्या व्यवसायबंधूंस सांगावयास नको.

त्या वर्षाच्या अखेरीस ते दक्षिणेस मोत्यांच्या किनाऱ्यावर गेले. तेथील परवर कोळी काही वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाले होते. परंतु त्यांस कोणी काही शिकविले नव्हते. फ्रान्सिस यांना तमिळ येत नव्हती. दुभाष्यांकडून प्रार्थना भाषांतरित करून त्यांनी त्या तोंडपाठ केल्या आणि मुलांकरवी घरोघर पोचविल्या. बाप्तिस्मा देता देता हात उचलवेनासा होतो, असे त्यांनी मित्रांस कळविले आहे. हाच तो उजवा हात. पुढे त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात दहा हजारांहून अधिक लोकांस बाप्तिस्मा दिला, असाही हिशोब त्यांच्या पत्रात आहे. एका महिन्यात दहा हजार! त्या लोकांस त्यातले किती उमगले असेल, ही शंका मला ख्रिस्ती असूनही येते आणि ती लपविण्याचे मला कारण दिसत नाही. पण त्याच किनाऱ्यावरची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. सन १५४४ मध्ये उत्तरेकडील स्वारांनी परवरांच्या वस्त्या लुटल्या आणि लोक कन्याकुमारीच्या खडकांवर उपाशी जाऊन बसले. तेव्हा फ्रान्सिस यांनी वीस होड्यांत धान्य भरून समुद्रमार्गे धाव घेतली. या कोळ्यांस छळणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांविरुद्ध त्यांनी राजापर्यंत तक्रारी नेल्या.

सन १५४५ मध्ये ते चार महिने मैलापूर येथे, प्रेषित थोमा यांची मानल्या गेलेल्या कबरीपाशी, प्रार्थनेत राहिले. तेथे त्यांस थोमांच्या अस्थीचा म्हणून एक लहानसा कण मिळाला. तेथून मलाक्का आणि मलाक्क्याहून थेट मसाल्याच्या बेटांत, अंबोइना, तर्नाते अशा ठिकाणी, जेथे पत्र पोचण्यास वर्ष दोन वर्षे लागत.

येथे या लेखाचे मर्म आहे. अंबोइनाहून त्यांनी रोमच्या मित्रांस मे १५४६ मध्ये पत्र लिहिले. मित्रांनी पूर्वी पाठविलेल्या पत्रांच्या शेवटी ज्या त्यांच्या स्वतःच्या हातच्या सह्या होत्या, त्या फ्रान्सिस यांनी कापून घेतल्या होत्या आणि आपल्या व्रताच्या शब्दांसह त्या जवळ बाळगल्या होत्या, असे त्या पत्रावरून कळते. पुढे त्यांच्या गळ्यात एक लहान करंडक असे. त्यात तीन वस्तू होत्या: थोमांच्या अस्थीचा तो कण, व्रताचा कागद, आणि इग्नेशियस यांची सही.

जगात कोठेही पाहा, माणूस दूर गेला की त्याच्या हस्ताक्षरास मोल येते. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हातचे वाल्मीकिरामायण जपून ठेवले आहे. त्या पोथीतले श्लोक छापील पुस्तकातही मिळतील. पण ती पोथी पाहताना आपण आवाज खाली आणतो, तो श्लोकांसाठी नव्हे. सहा महिन्यांच्या समुद्राने तोडलेला हा एकटा माणूस छातीवर जे बाळगीत होता, त्यात हाडाच्या कणापेक्षा शाईच्या चार अक्षरांनी त्यास अधिक धीर दिला असावा, असे मला वाटते. निदान पत्रात त्याने बोलून दाखविले आहे ते सह्यांविषयी.

परंतु त्याच अंबोइनाहून, त्याच मे महिन्यात, दुसरेही एक पत्र गेले. ते पोर्तुगालच्या राजास होते. नव्या ख्रिस्ती लोकांत जुने आचार टिकून आहेत म्हणून गोव्यास इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापावे, अशी त्यात मागणी होती. ते न्यायालय सन १५६० मध्ये आले, त्या वेळी फ्रान्सिस यांस जाऊन आठ वर्षे झाली होती. मधली काही वर्षे सोडता ते सन १८१२ पर्यंत चालले आणि त्याने पुष्कळांचा छळ केला, पुष्कळांस देशोधडीस लावले. त्याचा सारा दोष एका पत्रावर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु ते पत्र लिहिलेच नव्हते असे दाखविणे त्याहून वाईट. कुष्ठरोग्यांजवळ बसणारा आणि धर्मन्यायालय मागणारा असा हा एकच मनुष्य होता. चांदीच्या करंडकाचे हेच संकट आहे: त्यात ठेवलेला माणूस नुसता चकाकतो.

मलाक्का येथे सन १५४७ मध्ये अंजिरो नावाचा एक जपानी मनुष्य त्यांस भेटला आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानमधील कागोशिमा बंदरात उतरले. येथील फ्रान्सिस मला अधिक आवडतात, कारण येथे ते चुकत चुकत शिकले. देवाचे नाव जपानीत सांगताना त्यांनी अंजिरोच्या सल्ल्याने दाइनिची हा शब्द वापरला. तो बौद्धांच्या एका बुद्धाचे नाव आहे हे पुढे कळल्यावर सोडून दिला. सन १५५१ च्या हिवाळ्यात बर्फातून पायी चालत ते राजधानी मियाको येथे गेले, तर फाटक्या परदेशी माणसास सम्राटाचे दर्शन कोण देणार? रिकाम्या हाती ते परतले. मग यामागुचीच्या सरदाराकडे जाताना त्यांनी उंची वस्त्रे घातली, घड्याळासारख्या अपूर्व भेटी नेल्या, आणि मार्ग मोकळा झाला. हिंदुस्थानात ज्या दारिद्र्याने माणसे जवळ आली, त्याच दारिद्र्याने तेथे दारे बंद होत होती. जपानी लोकांच्या विद्वत्तेची व शिष्टाचाराची त्यांनी मनमोकळी स्तुती केली आहे.

हे लोक विद्येसाठी चीनकडे पाहतात, हे ध्यानी येताच त्यांच्या मनाने चीनचा ध्यास घेतला. एप्रिल १५५२ मध्ये ते गोव्याहून निघाले. मलाक्का येथे वास्को द गामा याचा मुलगा आल्वारो हा अधिकारी होता. त्याने त्यांचा बेत हाणून पाडला. तरीही ते चीनच्या किनाऱ्यासमोरील सांशियन बेटावर पोहोचले. परक्यांस मुख्य भूमीवर पाय ठेवण्याची बंदी होती. एका चिनी व्यापाऱ्याने दोनशे क्रुझादो किमतीच्या मिऱ्यांच्या बदल्यात त्यांस रात्री गुपचूप कँटनजवळ उतरवून देण्याचे कबूल केले. ते वाट पाहत राहिले. पोर्तुगीज जहाजे एकेक करून निघून गेली. थंडी वाढली, खाण्यास पुरेसे उरले नाही, ताप चढला. व्यापारी आलाच नाही. ३ डिसेंबर १५५२ रोजी पहाटेपूर्वी एका झोपडीत त्यांचे प्राण गेले. वय सेहेचाळीस. जवळ अंतोनियो नावाचा चिनी तरुण होता. गोव्याच्या विद्यालयात शिकलेला हा विद्यार्थी शेवटपर्यंत त्यांस सोडून गेला नाही.

आता अवशेषांची कथा सुरू होते, आणि ती चमत्काराने नव्हे, व्यवहाराने सुरू होते. अंतोनियो व इतरांनी प्रेत पेटीत घालून भोवती चुना भरला. हेतू हा की मांस लवकर झडावे आणि जहाज परत जाताना अस्थी नेता याव्यात. १७ फेब्रुवारी १५५३ रोजी पेटी उघडली तर देह जसाच्या तसा. तो मलाक्का येथे नेऊन पेटीशिवाय मातीत पुरला, काही महिन्यांनी पुन्हा काढला, आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यास आणला, तेव्हा सारे शहर लोटले. व्हाइसरॉयच्या वैद्यानेही देह तपासला. त्या काळच्या लोकांनी यात ईश्वरी खूण पाहिली. आज तो देह सुकलेला आहे आणि शतकांच्या हाताळणीने झिजला आहे. दर्शनाच्या गर्दीत एका बाईने पायाचे चुंबन घेण्याच्या मिषाने बोटच चावून नेले, अशी कथा गोव्यात सांगतात. ऐकणारा हसतो, पण सोपाऱ्याच्या खापऱ्या आठवा.

इकडे रोम येथे इग्नेशियस यांस काहीच ठाऊक नव्हते. जून १५५३ मध्ये त्यांनी फ्रान्सिस यांस पत्र लिहून परत बोलाविले. ज्यास बोलाविले तो सहा महिन्यांपूर्वीच गेला होता.

बोलावणे दुसऱ्या रीतीने पुरे झाले. सन १६१४ मध्ये जेझुइट संघाचे प्रमुख अक्वाविवा यांच्या आज्ञेने उजवा हात कोपरापासून वेगळा करून रोम येथे पाठविला गेला. दंडाचे हाड पुढे मकाव येथे गेले. सन १६१९ मध्ये फ्रान्सिस यांस धन्य व १२ मार्च १६२२ रोजी संत म्हणून घोषित केले. त्याच दिवशी इग्नेशियस यांसही संतपद मिळाले. सन १६२४ मध्ये देह बॉम जेझुसमध्ये आला. सन १६३६–३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी तो चांदीचा करंडक घडविला. त्यावर संतांच्या जीवनातील बत्तीस प्रसंग कोरलेले आहेत आणि माथ्यावर क्रूस आहे. संगमरवरी चौथरा तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने दिलेला असून इटलीतील फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने तो केला; सन १६९८ मध्ये तो येथे उभा राहिला.

मध्यंतरी आपल्या इतिहासाशी या करंडकाची एक विलक्षण गाठ पडली. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी जुन्या गोव्यासमोरील जुवे बेट घेतले. राजधानी आणि मराठे यांच्यामध्ये आता केवळ नदीचे पाणी होते. व्हाइसरॉय काउंट अल्व्होर पराभूत होऊन परतला, तो बॉम जेझुसमध्ये गेला, करंडक उघडविला आणि आपला राजदंड संतांच्या हाती देऊन आता गोवा आपणच राखावा, असे विनविले. पुढे थोड्याच दिवसांत शाहजादा शाह आलम मोगल फौज घेऊन घाट उतरल्यामुळे महाराजांस मागे फिरणे भाग पडले. पोर्तुगिजांनी श्रेय संतांस दिले. इतिहासाच्या शिक्षकाने ते मोगलांच्या फौजेस द्यावे हे बरे. मात्र पुढील अनेक गव्हर्नरांनी राजदंड त्या समाधीपाशी स्वीकारण्याची प्रथा पाळली. ज्याने आयुष्यभर राजाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रारी केल्या, त्याच्याच हातात राज्याचा दंड! फ्रान्सिस यांस हे रुचले असते की नाही, याविषयी मी माझ्यापुरते मत बनविले आहे.

सन १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांस हाकलले. जाताना त्यांनी खरा देह नेला, अशी आवई उठली. ती मोडण्यासाठी सन १७८२ मध्ये देह लोकांस उघड दाखविला. तेथून सार्वजनिक दर्शनाची परंपरा पडली. अलीकडे ते दर दहा वर्षांनी होते. मागचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत सी कॅथेड्रलमध्ये झाले. त्या रांगेत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. गोव्याचे लोक त्यांस गोंयचो सायब म्हणतात. रोम येथील हातही अधूनमधून प्रवास करतो. सन १९४९ मध्ये तो जपानास गेला होता, आणि सन २०१८ मध्ये कॅनडात नेताना त्यास विमानात स्वतंत्र आसन दिले होते, हे ऐकून आमच्या वर्गात मोठा हशा पिकला.

त्या विद्यार्थ्यास मी नंतर वर्गात एवढेच सांगितले की, रोम येथील जेझू मंदिरास क्रुसाप्रमाणे दोन बाहू आहेत. डाव्या बाहूत इग्नेशियस यांची समाधी आहे. तिच्या बरोबर समोर, उजव्या बाहूत, सोनेरी करंडकात तो हात ठेवला आहे. मध्ये मंदिराचा चौक आहे, तो काही पावलांत ओलांडता येतो. मुलाने थोडा विचार केला आणि मग विचारले की, गळ्यातला तो लहान करंडकही तेथेच ठेवला आहे काय?